फर्गसच्या फोटोतले धागे

१७ ऑक्टोबर
केटरिंग, टास्मानिया

फर्गस,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. तुझ्या ते लगेच लक्षात येईल, कारण स्वतःच्या नावामागचं विशेषण गळलेलं तुला कायमच सगळ्यांत आधी दिसायचं.

नियम मला ठाऊक आहे. प्रबंध परीक्षकाकडे गेला की निकाल लागेपर्यंत विद्यार्थ्याने त्याच्याशी बोलायचं नाही आणि गाईडनेही नाही. दरवर्षी नव्या पोरांकडून हा नियम मीच घोकून घेते. आपल्याकडे तोंडी परीक्षा नाही, समोरासमोर बसून वाद घालायची सोय नाही. दोन परकी माणसं आपापल्या घरी चहा पीत प्रबंध वाचतात आणि तिसऱ्याच्या आयुष्याचा निकाल लिहून पाठवतात. म्हणून तर हाताने लिहितेय. ई-मेल विद्यापीठाच्या यंत्रात जन्मभर पडून राहतो. हे पत्र तू वाचून शेगडीत घालू शकतोस.

माझ्या विद्यार्थिनीचा, सालोते फिफिताचा, प्रबंध तुझ्याकडे आलाय. तो तुझ्याकडे मी पाठवलेला नाही. मी ब्रूनी बेटाच्या पलीकडे पाणबुड्यांबरोबर समुद्री साळ्या, म्हणजे आपले ते काटेरी सी-अर्चिन, गोळा करत होते. तेवढ्यात आमचे विभागप्रमुख गॅरिथ पेंबल यांनी परीक्षक म्हणून तुझं नाव घालून टाकलं. पेंबल मायक्रोस्कोपमध्ये डोकावतो ते दुसऱ्याचं तान्हं बघायला गेल्यासारखं. दोनदा मान डोलावतो, छान छान म्हणतो आणि सटकतो. मी परत आल्यावर मला म्हणाला, “ऊना, या विषयात त्यांच्याएवढं मोठं नाव आहे का दुसरं?” नाव मोठं आहेच. मी कधी नाही म्हटलंय?

तू प्रबंध हातात घेतल्या घेतल्या चौथं प्रकरण उघडलं असणार, कारण त्यात तुझं नाव आहे. तिथे सालोतेने काय म्हटलंय ते तुला समजलं नसेल तर मी सोप्या भाषेत सांगते. ज्या फोटोवर तू मोठा झालास तो फोटो चुकीचा नाही. तू त्यावरून जे सांगत फिरलास ते चुकीचं आहे.

आता मुद्द्याचं. ती टोंगामधल्या वावाऊ बेटावरची आहे. नुकुआलोफाच्या कॉलेजात तिच्यासाठी शिक्षिकेची जागा धरून ठेवलीय, पण ती फेब्रुवारीत वर्ग सुरू होईपर्यंतच. पदवी हातात नसेल तर जागा दुसऱ्याला जाईल. तिच्या बेटावर अशी जागा दर वर्षी निघत नाही. दुसऱ्या परीक्षकाने, साप्पोरोच्या बाईंनी, ‘उत्तीर्ण’ लिहून कधीच पाठवलंय. राहिलास तू. ‘पुन्हा लिहून सादर करावा’ एवढं एक वाक्य तू लिहिलंस की तिचं वर्ष गेलं आणि जागाही गेली. आणि ते वाक्य लिहायला तुझा हात शिवशिवत असेल हे मला इथे बसून दिसतंय.

राग काढायचा असेल तर माझ्यावर काढ. तिच्यावर नको.

ऊना ब्रॅक्ली


४ नोव्हेंबर

फर्गस,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. उत्तरं द्यायला तुला नेहमी श्रोते लागायचे, दोन-चारशे तरी.

आज मेलबर्न कपचा मंगळवार. अख्खा विभाग टोप्या घालून टीव्हीसमोर घोडे बघतोय. पेंबलच्या टोपीवर प्लास्टिकची फळं आहेत. मी खाली साळ्यांच्या टाकीजवळ बसून लिहितेय, इथली सोबत बरी आहे.

गेल्या आठवड्यात भाचीच्या शाळेत गेले होते. भिंतीवर तुझा फोटो, पोस्टर करून लावलेला. साळीच्या भ्रूणातली एक पेशी काचेवर पसरलेली आणि तिच्या चहूबाजूंनी बारीक बारीक धागे निघालेले. खाली लिहिलंय, ‘पेशी एकमेकींना हात देतात.’ टीव्हीवर हेच म्हणताना तू स्वतःची बोटं कशी फाकवायचास ते मला आठवतं. एखादा गृहस्थ बाळाला भुर्र करून दाखवतो ना, अगदी तसं. बाई कौतुकाने मला विचारते, “तुम्हीही याच क्षेत्रात ना?” मी म्हटलं, “याच. पण मी मेहनत करते.”

हात देतात म्हणे! फर्गस, पेशीच्या कातडीतून असं बोट बाहेर काढणं म्हणजे खायचं काम आहे का? कातडी ताणलेली असते, तिला इतक्या बारीक नळीत वळायचं नसतं, ती परत आत ढकलते. आतून एकच तंतू रेटायला गेला तर तो शिजलेल्या शेवईसारखा वाकतो. म्हणून पेशी वीस-तीस तंतूंची जुडी बांधते आणि टोकाला एकेक कण चढवत ती जुडी पुढे सरकवते. असं खरं बोट जिवंत भ्रूणात मी स्वतः पाहिलंय. ते चाचपतं, हलतं, काही सापडलं की ओढतं. ते पाहिलं की माझ्यासारखी बाईसुद्धा गप्प होते. सालोतेने लेझरच्या प्रकाशाच्या चिमट्यात एक बारीक मणी धरून तो त्या बोटाच्या टोकाला लावला. बोटाने मणी धरला आणि सरळ पेशीच्या अंगाकडे ओढत नेला. पान एकशे दहा, बघ.

तुझ्या फोटोतल्या धाग्यांना मणी लावला तर काही होत नाही. तो जिथल्या तिथे राहतो. कारण ते धागे पेशीने पुढे केलेलेच नाहीत. पेशी काचेला जागोजागी चिकटलेली होती, तिने अंग मागे घेतलं, चिकटलेल्या जागा सुटल्या नाहीत, आणि मधली कातडी ओढली जाऊन धागे झाले. चपलेखाली च्युइंग गम आल्यावर होतात तसे.

आणि तिने अंग मागे का घेतलं? कारण पेशी मारून आहे तशा टिकवायचं फॉर्मलिन तू फ्रिजमधून काढून तसंच गारेगार ओतायचास. आम्ही बाकीचे ते पेशींच्या पाण्याच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचो. तुला थांबायला वेळ कुठे होता! पेशी मरायच्या आधी थंडीने आखडल्या, आणि त्या आखडलेल्या पेशींचा तू फोटो काढलास. सालोतेने तुझी पद्धत जशीच्या तशी केली, फक्त सगळा वेळ कॅमेरा चालू ठेवून. आधी पेशीची कड गुळगुळीत, एकही धागा नाही. मग फॉर्मलिन पडतं, कड मागे सरते आणि धागे दिसू लागतात. एकही टोक पुढे गेलेलं नाही. ती फिल्म प्रबंधासोबत जोडलीय. ती बघायचा धीर तुला झाला का?

ॲडलेडमध्ये आपले बाक शेजारी शेजारी होते म्हणून हे सगळं मला माहीत आहे. संध्याकाळी स्टेशनाजवळच्या गाडीवर उभं राहून वाटाण्याच्या सूपमध्ये बुडवलेली खिम्याची पेस्ट्री खायचो आपण, आणि तू तोंडात घास असताना बोलायचास. तेव्हाही तू ऐकत नव्हतास, पण निदान हसवायचास तरी.

हे पत्र संपवते. वर कुणाचा तरी घोडा जिंकलाय वाटतं, पेंबल किंचाळतोय.

ऊना


२५ नोव्हेंबर

फर्गस,

आधीची दोन पत्रं तुला मिळाली असतील. ती कुणाला दाखवली नसशील अशी आशा आहे. आशा हा शब्द मी तुझ्या संदर्भात वापरतेय, यावरून काय वेळ आलीय ते ओळख.

काय झालं ते सांगते. शनिवारी धक्क्यावर सालोते आणि मी साळ्या निवडत होतो. ती विचारात होती, मेलबर्नहून, तुझ्याकडून, अजून काही आलं नाही म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला. मला वाटलं, पोरीला जरा धीर द्यावा. मी म्हटलं, “काळजी करू नकोस, त्याला मी दोन पत्रं लिहिलीत. आता येईल ठिकाणावर.”

तिने हातातली बादली खाली ठेवली. “काय लिहिलंत?”

“त्याची लायकी.”

“डॉक्टर ब्रॅक्ली,” ती म्हणाली. आल्यानंतरचं पहिलं वर्ष संपल्यापासून तिने मला असं म्हटलं नव्हतं. “हा प्रबंध कुणाचा आहे?”

“तुझाच की गं.”

“मग तुम्ही कशाला मध्ये तोंड घातलंत? माझ्या बाजूने माझं प्रकरण बोलतंय. माझी फिल्म बोलतेय. तुम्ही काय वेगळं सांगितलंत?”

“तू त्या माणसाला ओळखत नाहीस.”

“तुम्ही तरी कुठे ओळखता? इतक्या वर्षांत एकदा तरी भेटलात का?”

मी म्हटलं, भेटायची गरज काय, असली माणसं बदलत नाहीत. त्यावर ती जे बोलली ते लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. “त्यांनी ऑफिसला एका ओळीने कळवलं तरी परीक्षा रद्द. नवा परीक्षक शोधणार, तो परत वाचणार, फेब्रुवारी कधीच निघून जाणार. त्यात तुमचं काय जाणार? तुम्हाला भांडायला मिळालं. आमच्या गावात म्हाताऱ्या चर्चमध्ये जुनी भांडणं उकरतात आणि लग्न मोडतं भलत्याच पोरीचं. तुम्ही तेच केलंत.”

म्हाताऱ्या म्हणाली, फर्गस. मला.

मग ती धक्क्याच्या कडेला बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, हातमोजे तसेच घातलेले. मी काय करावं? मला असलं काही येत नाही. मी तिच्या शेजारी बसले आणि तिच्या वाटणीच्या साळ्या निवडल्या. मग ती म्हणाली, “माझी आई रविवारी सगळ्या वस्तीला सांगते, माझी मुलगी डॉक्टर होऊन येतेय. ताप मोजायची नाही, समुद्राची. आता मी तिला काय सांगू?”

तर आता ऐक. मी तुझ्याकडे कधीच काही मागितलेलं नाही, आणि आज मागतेय ते शक्य तितक्या उद्धटपणे मागतेय, म्हणजे ते माझंच आहे याची तुला खात्री पटेल. ती दोन पत्रं जाळ. हेही जाळ. ऑफिसला कळवू नकोस. माझी तक्रार करायची असेल तर सालोतेची पदवी झाल्यावर कर. तेव्हा खुशाल मला नोकरीवरून काढायला लाव, मी स्वतः सही करून देईन. निकाल तुला जो वाटेल तो दे, पण प्रबंध वाचून दे, माझं अक्षर वाचून नको.

तुझ्यात माणुसकी आहे का हे मला खरंच माहीत नाही. ही पोर म्हणते की मला ते माहीत असायचं काही कारणच नाही.

ऊना


२० डिसेंबर

फर्गस,

तुझा अहवाल सोमवारी आला. पेंबल तो हातात नाचवत प्रयोगशाळेत शिरला. त्याच्या हातात बिअरचा डबाही होता, सकाळचा. “पास! ऊना, पास! आणि एकच दुरुस्ती सांगितलीय, तीसुद्धा तुझ्याबद्दल!”

मी म्हटलं, “काय बडबडतोयस?” आणि कागद हिसकावला.

तू अहवालसुद्धा कविता केल्यासारखा लिहिलास हे आधी नोंदवते. ‘उमेदवाराने माझ्या चुकीला जिवंतपणी पकडलं.’ कोण लिहितं असं? पण पुढचं मी उभ्या उभ्या वाचलं आणि मग बसून परत वाचलं. ‘चौथ्या प्रकरणाच्या सुरुवातीला म्हटलं आहे की या धाग्यांविषयी याआधी कुणी शंका घेतली नव्हती. हे खरं नाही. माझ्या शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या ऊना ब्रॅक्ली यांनी फोटो छापण्याआधीच मला सांगितलं होतं की हे धागे पुढे गेलेले नसून मागे राहिलेले आहेत. मी चहाच्या खोलीत सगळ्यांसमोर त्यांची टर उडवली आणि फोटो छापला. उमेदवाराने हे नोंदवावं. प्रकरणातला बाकी एकही शब्द बदलू नये. फोटो मागे घेण्याबद्दल मी नियतकालिकाला कळवलं आहे.’

सालोते माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने आधी टोंगनमध्ये काहीतरी म्हटलं, मग मला कडकडून मिठी मारली, मग टेबलाशी जाऊन कॉम्प्युटर उघडला. “सांगा, वाक्य कुठे घालू?”

मी म्हटलं, “घालायचं नाही. मला त्याची मेहेरबानी नको.”

“मेहेरबानी कसली? मी पहिल्या खर्ड्यात हेच लिहिलं होतं. तुम्ही लाल पेनाने खोडलंत आणि म्हणालात, जुनं उगाळू नकोस.”

“मग तेच बरोबर होतं.”

“बरोबर कसं? पेशीने काय केलं ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्याला काय आवडतं ते नाही, हे माझ्या डोक्यात कुणी भरवलं? माणसांच्या बाबतीत वेगळा नियम आहे का?”

“सालोते, मी सांगतेय ना.”

“आणि मी पण सांगतेय. परीक्षकाची दुरुस्ती आहे. ती केलीय म्हणून गाईडची सही लागते. सही नाही तर पदवी नाही.” मग ती उठून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. “माझी नोकरी तुमच्या नाकाला टांगून ठेवू नका.”

पेंबल दारात उभा होता. बिअरचा घोट घेऊन तो म्हणाला, “सही कर गं बाई.” त्याने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं सांगितलं, तेही सकाळी बिअर पिऊन.

मी सही केली. इतकी दाबून की खालच्या कागदावरही उमटली. रागाने असेल असं तेव्हा मला वाटलं.

मंगळवारी तुझं जाड पाकीट आलं. आत माझी तिन्ही पत्रं. माझी खाकी चिकटपट्टी तशीच्या तशी. कुठे नखसुद्धा लावलेलं नाही. आणि तुझी चिठ्ठी: ‘अक्षर ओळखलं. निकाल द्यायचा होता म्हणून फोडली नाहीत. आता वाचायला हरकत नाही, पण तुला ती परत हवी असतील असं वाटलं.’

म्हणजे मी धमकावलं, शिव्या दिल्या, शेवटी हातापाया पडले आणि तू त्यातलं काहीच वाचलेलं नाहीस. चौथं प्रकरण तू आपल्या आपण वाचलंस, फिल्म बघितलीस आणि असं लिहिलंस. मी शनिवारभर त्या पोरीला रडवलं ते फुकट.

तुझ्याबद्दल माझी जी मतं होती ती मी फार काळजीने जपली होती, फर्गस. रोज वापरायची म्हणून. आता ती मोडली आहेत आणि मला त्याचा मनापासून राग आलाय. तू हे उशिरा केलंस त्याचाही राग आहे, तो राहील. ती दाढी अजून ठेवली असशील तर तिच्याबद्दलही. शाळेतलं ते पोस्टर कोण काढणार? मी नाही काढणार, तूच जाऊन काढ, आणि पोरांना कारण सांग. बोटं न फाकवता.

सालोते जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑकलंडमार्गे निघते. तिच्या आईने मेजवानीसाठी डुकरं बाजूला काढलीयत आणि मलाही आमंत्रण आहे. सालोते म्हणाली, “तुमच्या मित्रालाही बोलवा.” मी म्हटलं, तो माझा मित्र नाही. तिने फक्त एक भुवई वर केली. हे असं करायला ती इथे आल्यावर शिकलीय, बहुतेक माझ्याकडूनच.

तू बरोबर वागलास. हे एवढं लिहायला मला चार कागद फाडावे लागले. तिन्ही पाकिटं माझ्या टेबलावर आहेत. मीही ती फोडलेली नाहीत. परत पाठवलीस ते चांगलं केलंस, मला ती खरंच परत हवी होती.

हे पाकीट मात्र फोड.

ऊना